ऑक्सिजन सोबत घेऊन प्रवास: निघण्यापूर्वी करायचा हिशोब

‘आबांना घरी ऑक्सिजन लावलाय, पुण्याला लेकीकडे नेता येईल का?’ ‘सिलिंडर रेल्वेत चालतो का?’ ‘लाईट गेली की मशीन बंद पडते, तेव्हा काय करायचं?’ ‘एकदा ऑक्सिजन लागला की सुटत नाही म्हणतात, खरं का?’ धाराशिव, कळंब, उमरग्याकडच्या वाचकांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणारे बहुतेक मुलगे, सुना नाहीतर नातवंडे असतात. घरातल्या वडीलधाऱ्याची फुप्फुसे चुलीच्या धुराने, बिडीने किंवा जुन्या क्षयरोगाने कमजोर झालेली असतात. गावात या सगळ्याला ‘दमा’ म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर बहुतेक वेळा ‘सीओपीडी’ असे लिहिलेले असते.

२०२१मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी झालेली धावाधाव जिल्हा विसरलेला नाही. चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने तेव्हा इथेनॉल प्रकल्पात ऑक्सिजन तयार करायला घेतला होता. त्या दिवसांमुळे ऑक्सिजन म्हटले की लोकांना शेवटची घटका आठवते. जुन्या फुप्फुसविकारातला घरगुती ऑक्सिजन वेगळा आहे. तो रोज, मोजून, वर्षानुवर्षे घेण्याचे औषध आहे. तो घेत असताना लग्नाला, दवाखान्याला, देवाला जाता येते. त्यासाठी निघण्यापूर्वी हिशोब करावा लागतो आणि तो हिशोब मिनिटांचा असतो.

ऑक्सिजन कोणाला लागतो?

धाप लागते म्हणजे ऑक्सिजन कमी आहे, असे नसते. धाप लागूनही रक्तातले प्रमाण चांगले असेल, तर ऑक्सिजन लावून फारसा उपयोग होत नाही. त्या वेळी इन्हेलर, श्वासाचे व्यायाम आणि धुरापासून दूर राहणे हेच कामाला येते.

- तब्येत स्थिर असताना, स्वस्थ बसलेले असताना ऑक्सिमीटरवर आकडा ८८ किंवा त्याखाली राहत असेल, तर डॉक्टर घरी कायमचा ऑक्सिजन सुचवतात. निर्णयाआधी शक्यतो धमनीतल्या रक्ताची तपासणी करतात.
- असा ऑक्सिजन दिवसातून किमान १५ तास घ्यायचा असतो. झोपेचे तास त्यात धरले जातात. ‘त्रास झाला की दहा मिनिटे’ घेतल्याने आयुष्य वाढत नाही.
- आजार बळावल्यामुळे रुग्णालयातून ऑक्सिजनवर घरी सोडले असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्या. अनेकांचा ऑक्सिजन तेव्हा बंदही होतो. ‘एकदा लागला की सुटत नाही’ ही समजूत चुकीची आहे. सवय ऑक्सिजनची लागत नाही, गरज आजाराची असते.

ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा. बोटे गार असतील तर चोळून गरम करा. नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरे बोट वापरा. आकडा स्थिर झाल्यावरच लिहून ठेवा.

चिठ्ठीवर काय लिहून घ्याल?

‘ऑक्सिजन चालू ठेवा’ एवढ्याने भागत नाही. डॉक्टरांकडून पुढील पाच गोष्टी स्पष्ट लिहून घ्या:

1. बसलेले असताना मिनिटाला किती लिटर
2. चालताना आणि झोपेत किती लिटर
3. दिवसातून किती तास
4. आकडा कोणत्या मर्यादेत ठेवायचा
5. कोणती लक्षणे दिसली की थेट रुग्णालय गाठायचे

चौथा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांसाठी ८८ ते ९२ हीच योग्य मर्यादा असते. घरचे लोक मात्र ‘९८ पाहिजे’ म्हणून लिटर दाखवणारी गोळी वर चढवतात. त्यामुळे काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोके दुखते, रुग्ण पेंगतो, बरळतो आणि पुढे बेशुद्धही पडू शकतो. आकडा चांगला दिसत असतानाच हे घडते, म्हणून लवकर ध्यानात येत नाही. लिटर वाढवायचे असतील तर आधी डॉक्टरांना फोन करा.

मशीन की सिलिंडर?

दोन्हींचे काम वेगळे आहे. रोजच्या वापराला मशीन आणि अडीअडचणीला सिलिंडर, अशी जोडी सगळ्यात सोयीची पडते.

- घरचे कॉन्सन्ट्रेटर: पाच लिटरचे मशीन हवेतूनच सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन वेगळा करते. भरून आणायची कटकट नाही, पण वीज लागते. ३५० वॅटचे मशीन रोज १५ तास चालले तर दिवसाला सव्वापाच युनिट आणि महिन्याला दीडशेहून जास्त युनिट होतात. घेण्याआधी वीजबिल धरूनच खर्च मोजा.
- सिलिंडर: वीज लागत नाही. घरी साधारण ‘बी टाइप’ वापरतात. पूर्ण भरलेला असेल तर त्यात अंदाजे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मोठ्या ‘जंबो’मध्ये सुमारे ७,००० लिटर असतो, पण तो हलवणे अवघड.
- खांद्यावरचे लहान मशीन: बॅटरीवर चालते आणि प्रवासाला उत्तम. यातली बरीच मशीन सतत हवा सोडत नाहीत, श्वास आत घेतला की तेवढ्यापुरता झोत देतात. त्यावरचा ‘२’ हा आकडा म्हणजे मिनिटाला दोन लिटर नव्हे. विकत घेण्याआधी ते लावून रुग्णाला चालवून पाहा आणि आकडा किती राहतो ते बघा. झोपेत ते चालेल का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

कोविडच्या वेळी घेतलेली मशीन अनेक घरांत माळ्यावर पडून आहेत. असे मशीन कोणी फुकट दिले तरी तसेच लावू नका. बरीच वर्षे बंद राहिलेल्या मशीनमधला हवा गाळणारा पदार्थ ओल धरतो. मशीन नेहमीसारखे घरघरते, नळीतून हवाही येते, पण तिच्यात ऑक्सिजन पुरेसा नसतो. विक्रेत्याकडून शुद्धता मोजून घेतल्याशिवाय भरवसा ठेवू नका.

मशीनची जाळी दर आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. मशीन भिंतीपासून फूटभर दूर ठेवा. पाण्याची बाटली जोडलेली असेल तर तिच्यात उकळून गार केलेले पाणी घाला आणि ते रोज बदला.

लाईट गेली तर?

- साधारण १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीवर ३५० वॅटचे मशीन तीन तासांच्या आसपास चालते, तेही बॅटरी चांगली असेल आणि पंखा-टीव्ही बंद ठेवला तर. साइन वेव्ह इन्व्हर्टरच घ्या.
- भारनियमन आणि पावसाळ्यातले बिघाड धरून एक भरलेला बी टाइप सिलिंडर रेग्युलेटर जोडून तयार ठेवा. वीज गेल्यावर अंधारात पाना शोधायची वेळ येऊ नये.
- महावितरणच्या स्थानिक कार्यालयात डॉक्टरांच्या पत्रासह अर्ज द्या आणि घरात ऑक्सिजनवरचा रुग्ण असल्याचे कळवा. पोच घ्या. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

आगीपासून जपा

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला भडकवतो. रुग्णाच्या कपड्यांत आणि पांघरुणातही तो साठून राहतो.

- नळी लावलेली असताना बिडी-सिगारेट कोणीही ओढायची नाही, शेजारी बसूनही नाही.
- चूल, गॅस, निरांजन, उदबत्ती, कापूर यांपासून दहा फूट तरी लांब राहा.
- नाक कोरडे पडले म्हणून व्हॅसलीन, तेल, बाम चोळू नका. पाण्यातले जेल औषधाच्या दुकानात मिळते.
- रेग्युलेटरला तेलकट हात लावू नका. गळती थांबवायला ग्रीस किंवा टेप लावू नका. वॉशर बदलून घ्या.
- सिलिंडर उभा ठेवून साखळीने किंवा दोरीने बांधा.

प्रवासाआधी मिनिटांचा हिशोब

भरलेल्या सिलिंडरच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळावर साधारण १५० चा आकडा असतो. बी टाइपच्या टाकीचे पाण्याचे माप सुमारे दहा लिटर. म्हणून घड्याळावरचा आकडा गुणिले दहा, म्हणजे शिल्लक ऑक्सिजन. त्याला मिनिटाच्या लिटरने भागा.

समजा, धाराशिवहून पुण्याला गाडीने जायचे आहे. थांबत थांबत सहा तास धरा, रुग्णाला मिनिटाला दोन लिटर लागतात. ३६० मिनिटे गुणिले २ म्हणजे ७२० लिटर. वाहतूक कोंडी, पंक्चर, वाटेतला मुक्काम यासाठी निम्मे जास्त धरा, म्हणजे १,०८० लिटर. पूर्ण भरलेला सिलिंडर याला पुरतो. घड्याळावर ७५ दाखवणारा, म्हणजे अर्धा सिलिंडर पुरत नाही. तो ऐन गरजेला संपेल.

गोळी वाचताना गोळीचा मधला भाग रेषेवर हवा. सिलिंडर उघडायची चावी रेग्युलेटरलाच दोरीने बांधून ठेवा. भरलेला सिलिंडर सोबत आणि चावी घरी, असे झाले तर तो सिलिंडर असून नसल्यासारखा.

निघण्याच्या आठवडाभर आधी:

- डॉक्टरांना भेटा. गेल्या काही आठवड्यांत आजार बळावला असेल तर प्रवास पुढे ढकला.
- आजार, ऑक्सिजनचे प्रमाण, औषधे आणि ‘प्रवासात ऑक्सिजन सोबत आवश्यक’ असे लिहिलेले पत्र घ्या. त्याच्या तीन प्रती काढा.
- जिथे उतरणार तिथे मशीन भाड्याने मिळेल का, सिलिंडर कोण भरून देईल, जवळचे रुग्णालय कोणते, हे फोनवर पक्के करा. शहरांत रुग्णसाहित्य केंद्रांकडून मशीन अनामत ठेवून मिळते.
- इन्हेलर, ऑक्सिमीटर आणि जादा नळी मोठ्या बॅगेत टाकू नका, हाताशी असू द्या.

कशाने जाल?

स्वतःची किंवा भाड्याची गाडी. बहुतेकांना हीच बरी पडते. सिलिंडर मागच्या सीटजवळ पट्ट्याने घट्ट बांधा. बंद डिकीत टाकू नका. एक काच बोटभर उघडी ठेवा. चालकाला धूम्रपान करू नको असे आधीच सांगा. उन्हात उभ्या गाडीत सिलिंडर सोडू नका. घरचे मोठे मशीन गाडीच्या चार्जिंग सॉकेटवर चालत नाही, लहान मशीन त्याच्या स्वतःच्या चार्जरवर चालते.

रेल्वे. गॅस सिलिंडर डब्यात नेणे हा एरवी गुन्हा आहे, पण रुग्णाच्या ऑक्सिजन सिलिंडरला सूट आहे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र असेल तर सिलिंडर त्याच्या स्टँडसह सर्व वर्गांत नेता येतो. त्याचे वजन नेहमीच्या मोफत सामानात धरले जाते. लातूर–मुंबई गाडीने धाराशिव स्थानकावरून रात्री निघणार असाल तर तिकीट काढताना खालचा बर्थ मागा. प्रमाणपत्राची प्रत तिकीट तपासनिसाला स्वतःहून दाखवा. डब्यातला चार्जिंग पॉइंट मोबाइलपुरता असतो, त्यावर मोठे मशीन लावू नका. वाटेत त्रास झाला तर १३९ वर फोन करा, पुढच्या स्थानकावर डॉक्टरांची सोय करण्याची विनंती करता येते.

एसटी. लहान मशीन असेल तर पुढची सीट घ्या आणि बॅटरी पुरेल एवढेच अंतर ठेवा. सिलिंडर न्यायचा असेल तर आगारात आधी भेटून, पत्र दाखवून परवानगी घ्या. ऐन वेळी वाहकाशी वाद घालण्यात रुग्णाचीच दमछाक होते. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्म्या तिकिटात आहे. महिलांनाही निम्मे तिकीट आहे. गर्दीची गाडी मात्र सवलतीसाठी पकडू नका.

विमान. पुणे किंवा हैदराबादहून उडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विमानातली हवा सुमारे आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ असते, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही हजार मीटर उंचावरची. जमिनीवर ऑक्सिजन न लागणाऱ्यालाही तिथे लागू शकतो.

- स्वतःचा सिलिंडर विमानात सहसा नेऊ देत नाहीत. विमानात वापरण्यास मान्यता असलेले लहान मशीन चालते.
- तिकीट काढतानाच विमान कंपनीला कळवा. ती वैद्यकीय अर्ज देते, तो तुमच्या डॉक्टरांकडून भरून घ्या. चाकाच्या खुर्चीची मागणी किमान ४८ तास आधी करा.
- उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट पुरतील एवढ्या बॅटऱ्या ठेवा. जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, टोकांना टेप लावून न्याव्यात.
- फुप्फुसाबाहेर हवा साठून छातीत नळी घातली गेली असेल, तर डॉक्टरांनी एक्स-रे पाहून होकार दिल्याशिवाय उडू नका.

देवदर्शन आणि यात्रा

तुळजापूरला जायला कोणाला मनाई नाही, पण दिवस आणि वेळ निवडा. नवरात्र, पौर्णिमा आणि मंगळवार-शुक्रवारची गर्दी टाळा. मंदिरात पायऱ्या उतरून जावे लागते आणि परतताना त्याच चढाव्या लागतात. खरी दमछाक तेव्हा होते. ज्येष्ठांसाठी कोणती सोय आहे, हे मंदिर कार्यालयात आधी विचारा. नळी लावलेल्या माणसाजवळ पेटता पोत येऊ देऊ नका. आराध्यांना हात जोडून सांगितले तर ते वाट सोडतात. उधळलेल्या हळदी-कुंकवाने खोकला उसळतो आणि मशीनची जाळीही भरते. नाकातोंडावर सुती रुमाल धरा आणि घरी आल्यावर जाळी धुवा. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या डोंगरावर चैत्रातल्या उन्हात, यात्रेच्या गर्दीत ऑक्सिजनवरच्या माणसाने जाऊ नये. आडदिवशी सकाळी जावे.

चारधामला निघालेल्या गावच्या बसमध्ये अशा रुग्णाचे नाव घालू नका. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. तिथल्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. घोडा केला, पालखी केली तरी हवा तीच राहते.

वाटेत त्रास झाला तर

आधी बसवा, पुढे झुकवा, हात मांडीवर टेकवा. नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून सावकाश सोडायला सांगा. ठरलेला इन्हेलर स्पेसरमधून द्या. नळी निसटली आहे का, पिळली आहे का, सिलिंडर उघडा आहे का, हे पाहा. अनेकदा अडचण इथेच असते.

पुढीलपैकी काहीही दिसले तर वेळ न घालवता १०८ वर फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

- एक वाक्य पूर्ण बोलता न येणे
- ओठ, जीभ, नखे निळसर होणे
- पेंग, गोंधळ, बरळणे
- ठरलेल्या लिटरवरही आकडा मर्यादेखाली राहणे
- छातीत एकाएकी दुखणे

जिल्ह्यात धाराशिवचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि तालुक्यांच्या गावची सरकारी रुग्णालये आहेत. बाहेर सोलापूर आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये जवळ आहेत. तुमच्या रस्त्यावर यातले कोणते कुठे येते, ते निघण्यापूर्वी कागदावर लिहा. १०८ ठरवून केलेल्या प्रवासासाठी नाही, त्यासाठी खासगी रुग्णवाहिका ठरवावी लागते.

तुमचे हक्क

- तातडीची मदत: जीव धोक्यात असलेल्या रुग्णाला वाचवण्याची जबाबदारी सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात हे सांगितले आहे.
- धूरमुक्त प्रवास: बस, रेल्वे, स्थानक अशा सार्वजनिक जागी धूम्रपान कायद्याने बंद आहे. २०० रुपयांपर्यंत दंड होतो. वाहकाला किंवा तिकीट तपासनिसाला सांगा.
- पक्के बिल: मेडिकल ऑक्सिजन हे कायद्याने औषध आहे. वेल्डिंगच्या दुकानातला सिलिंडर घेऊ नका. मशीन आणि सिलिंडर दोन्हींचे पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड मागा. फसवणूक झाल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑक्सिजनच्या दर्जाबाबत अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५.
- उपचाराचा खर्च: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी १५५३८८ वर करा. ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. घरी लागणाऱ्या मशीनचा खर्च तिच्यातून सुटेल असे धरून चालू नका.
- अपंगत्वाचा दाखला: २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत जुना फुप्फुसविकार नाही. ‘दाखला काढून देतो, सवलत मिळेल’ म्हणत पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका.

उंबरठा ओलांडण्यापूर्वी

1. डॉक्टरांचे पत्र, तीन प्रती
2. प्रवासाच्या दीडपट ऑक्सिजन, घड्याळ पाहून
3. चावी, जादा वॉशर, जादा नळी
4. ऑक्सिमीटर आणि त्याचे सेल
5. इन्हेलर आणि स्पेसर
6. चार्जर, जादा बॅटरी
7. वाटेतली रुग्णालये आणि मुक्कामाच्या गावचा सिलिंडरवाला यांचे नंबर
8. मशीन व सिलिंडर हाताळता येणारा सोबती

आठवा मुद्दा शेवटी असला तरी तयारी त्याच्यापासूनच सुरू करा. सिलिंडर उघडणे, गोळी दोनवर आणणे, नळी बदलणे हे सोबत्याकडून घरी निदान तीनदा करून घ्या. त्याला न विचारता जमू लागले की तिकीट काढा. आणि पहिल्याच खेपेला पुण्या-मुंबईला निघू नका. आधी सोलापूर किंवा लातूरला सकाळी जाऊन संध्याकाळी परत या. हिशोब कुठे चुकतो, नेमके काय विसरते, हे त्या एका दिवसात कळेल.